कानाचा सेल
कर्णयंत्र वापरणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

सांगलीतल्या आमच्या केंद्रात यंत्राचा सेल बदलून घेताना लोक गमतीने विचारतात, "कानाचाही सेल बदलून मिळतो का हो?" बदलून मिळत नाही, पण कानाला सेल असतो हे खरं.

आतल्या कानात वेटोळं घातलेली, वाटाण्याएवढी कॉक्लिया असते. शरीरात पेशींबाहेरच्या पाण्यात एरवी सोडियम जास्त असतं. कॉक्लियाच्या मधल्या कप्प्यात उलटं: पोटॅशियम भरपूर, सोडियम नावापुरतं. शिवाय या पाण्यावर सुमारे 80 मिलिव्होल्टचा विजेचा धन दाब असतो. तुमच्या यंत्रातला तपकिरी स्टिकरचा 312 नंबर सेल 1.4 व्होल्टचा, म्हणजे कानातला फारच चिमुकला.

आवाज आला की केशपेशींवरचे केस वाकतात, त्यांच्या टोकांची दारं उघडतात आणि पोटॅशियम आत घुसतं. पेशीच्या आत ऋण दाब असल्याने ते आपोआप ओढलं जातं. तेवढ्यावर नसेला इशारा जातो. मग पोटॅशियम पेशीच्या बुडातून बाहेर पडतं, शेजारच्या पेशींतून फिरत कप्प्याच्या भिंतीपाशी येतं आणि तिथले पंप ते पुन्हा कप्प्यात सोडतात. हे चार्जिंग शांततेतही चालू असतं, म्हणून त्या भिंतीला रक्त भरपूर लागतं.

शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या वाटा कॉनेक्सिन 26 या प्रथिनाच्या असतात. त्याचा सदोष जनुक आई-वडील दोघांकडून आला, तर दोघांना उत्तम ऐकू येत असूनही मूल जन्मतः बहिरं असू शकतं. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आता यंत्राचं. यंत्र आवाज मोठा करतं, कानाचं चार्जिंग वाढवत नाही. विट्याच्या यंत्रमागांवर वर्षानुवर्षं काम करून केशपेशी गेल्या असतील, तर त्या परत येत नाहीत. अशा वेळी "आवाज येतो, शब्द कळत नाहीत" ही तक्रार राहते; त्यात यंत्राचा दोष असेलच असं नाही.

जेंटामायसिन, अमिकासिनसारखी इंजेक्शनं केशपेशी मारू शकतात. लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड, विशेषतः शिरेतून मोठ्या मात्रेत दिलं तर, भिंतीतलं पोटॅशियमचं काम अडवतं. त्याने कमी झालेलं ऐकू येणं बहुधा परत येतं. औषध मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. तपासणीला येताना गोळ्यांची पाकिटं आणि जुने डिस्चार्ज कार्ड घेऊन या.

एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं, तर आमच्याकडे येऊ नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठा. यंत्राचं नंतर बघू.