‘पानिपत’ ठरलं, पण कोणतं? बुक क्लबसाठी ऐतिहासिक कादंबरी आणि इतिहासग्रंथ

‘पुढच्या महिन्यात काहीतरी ऐतिहासिक वाचू या’ यावर बुक क्लबात चटकन एकमत होतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो. कुणाच्या डोळ्यांसमोर रणजित देसाईंची ‘स्वामी’ असते, कुणाच्या डोळ्यांसमोर इतिहासकार सरदेसायांच्या ‘मराठी रियासती’चे खंड. दोघंही ‘ऐतिहासिक’च म्हणत असतात. कधीकधी तर नावंही जवळपास तीच असतात. ‘पानिपत’ ही विश्वास पाटलांची १९८८ची कादंबरी आणि ‘पानिपत १७६१’ हा त्र्यंबक शंकर शेजवलकरांचा इतिहासग्रंथ, आधी इंग्रजीत आणि मग १९६१ साली मराठीत आलेला. ग्रुपवर नुसता ‘पानिपत ठरलं’ असा निरोप गेला, तर काही जण एक वाचून येतील, काही जण दुसरं. निदान अर्धा तास तरी ते कुणाच्या लक्षात येणार नाही, कारण माणसं तीच, लढाई तीच आणि तारीखही तीच, १४ जानेवारी १७६१.

ही दोन पुस्तकं वाचकाला वेगवेगळं वचन देतात. पानिपतावरच्या मराठी फौजेचे सेनापती सदाशिवराव भाऊसाहेबांच्या जागी उभं राहिल्यावर कसं वाटलं असेल ते दाखवायचं काम कादंबरी अंगावर घेते. इतिहासग्रंथ सांगतो ते असं, की हाती आलेल्या पत्रांवरून, तवारिखांवरून, हिशेबांवरून भाऊसाहेबांबद्दल इतकं म्हणता येतं आणि याच्या पुढचं म्हणता येत नाही. हे ‘म्हणता येत नाही’ कादंबरीत येऊच शकत नाही. नायक तंबूत एकटा बसला आहे आणि त्या रात्रीबद्दल कागद मिळालेला नाही, असं लिहून कादंबरीकाराला पुढच्या प्रकरणाकडे वळता येत नाही. त्याला ती रात्र लिहावीच लागते.

हातातलं पुस्तक कोणत्या जातीचं आहे हे मुखपृष्ठावरून किंवा शेवटच्या संदर्भसूचीवरून ठरवू नये. हल्ली कादंबऱ्यांनाही लांबलचक संदर्भसूची असते आणि पुष्कळ इतिहासग्रंथ तळटिपांची गर्दी न करता गोष्टीसारखे लिहिलेले असतात. त्यापेक्षा मधलं कुठलंही पान उघडावं, त्यातलं एखादं ठाम वाक्य धरावं आणि विचारावं, ‘कशावरून?’ याचं उत्तर त्याच पानावर, टिपेत किंवा निदान प्रस्तावनेत सापडलं तर तो इतिहास. प्रश्नच अप्रस्तुत वाटला, म्हणजे ‘अहो, तो मनात म्हणतोय, कशावरून काय विचारता?’ असं म्हणावंसं वाटलं, तर ती कादंबरी. आणि प्रश्न रास्त असून उत्तर कुठेच नसेल, तर ते पुस्तक तिसऱ्याच जातीचं, इतिहासाचा आव आणणारं. क्लबाने त्यापासून चार हात लांब राहावं.

दत्ताजी शिंद्यांचं उदाहरण बघा. १० जानेवारी १७६० रोजी दिल्लीजवळ बुराडी घाटावर दत्ताजी पडले. ‘आणखी लढणार का?’ या शत्रूच्या प्रश्नाला ‘बचेंगे तो और भी लढेंगे’ हे त्यांचं उत्तर मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाला पाठ असतं. ते आपल्यापर्यंत आलं बखरीतून. कादंबरीकाराच्या दृष्टीने हा प्रसंग म्हणजे सोनं आणि त्याने तो सोडला तर वाचक त्याला माफ करणार नाहीत. इतिहासकाराला मात्र थांबून विचारावं लागतं, की समोर शत्रू, भोवती कापाकापी, मग हा संवाद ऐकला कुणी, लिहून ठेवला कुणी आणि किती दिवसांनी? कदाचित उत्तर निघेल, कदाचित फक्त शक्यता हाती लागेल. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. क्लबाची बैठक बिघडते ती कादंबरीला इतिहासाचे प्रश्न आणि इतिहासाला कादंबरीचे प्रश्न विचारल्यामुळे. ‘लेखकाने हे मनाने लिहिलंय’ ही कादंबरीवरची टीका होऊच शकत नाही. ‘फार कोरडं आहे हो’ ही इतिहासग्रंथावरची टीका होऊ शकते, पण त्यावर दोन तास बोलता येत नाही.

मग दोन तास बोलायचं कशावर? कादंबरीच्या बैठकीत लेखकाने केलेल्या निवडींवर बोलावं. कुणाच्या नजरेतून सांगितलं, कुठे सुरू केलं, कुठे थांबवलं, कुणाला बोलू दिलं, कुणाला नाही. ‘स्वामी’ १९६२ साली आली. थोरल्या माधवरावांचं आयुष्य सत्तावीस वर्षांचं. निजाम, हैदर, कर्जाचा डोंगर, काकांशी झगडा, क्षय आणि थेऊरचा शेवट, हे सगळं इतिहासातही आहे. पण वाचकांच्या मनात ठसून राहतात ते माधवराव आणि रमाबाई यांच्यातले खाजगी क्षण, आणि नवरा-बायकोत चार भिंतींआड झालेलं बोलणं कुठल्याच दफ्तरात सापडत नसतं. देसाईंनी ती पोकळी कशी भरली, राज्यकर्त्याच्या गोष्टीला संसाराची गोष्ट का केली, हा खरा चर्चेचा विषय. त्याऐवजी ‘खरंच असं झालं होतं का?’ यावर गाडी अडकली, तर पुस्तक बाजूला राहतं आणि सगळे फोन काढून शोधाशोध करू लागतात.

इतिहासग्रंथाच्या बैठकीत बोलायचं ते पुराव्यावर आणि कारणांवर. पानिपतावर उपासमार का झाली? गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६०मध्ये मारले गेले, रसद तुटली, छावणीत लढणाऱ्यांबरोबर यात्रेकरूंचा आणि बुणग्यांचा, म्हणजे न लढणाऱ्या माणसांचा, जमाव होता. यातलं कोणतं कारण किती वजनाचं? फौजांचे आणि मृतांचे आकडे वेगवेगळ्या साधनांत वेगवेगळे का येतात? अब्दालीच्या बाजूने असलेल्या अवधच्या नवाब शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने फारसीत लिहून ठेवलेली हकिकत आणि आपल्या बखरी एकाच दिवसाबद्दल बोलतात, पण उभ्या कुठे आहेत? एकाने एक बाजू घ्यावी, दुसऱ्याने दुसरी. अशी बैठक रंगते. शेजवलकरांसारखा मतं ठामपणे मांडणारा इतिहासकार असेल तर आणखीच रंगते, कारण त्यांच्याशी भांडता येतं. सगळ्यांना खूश ठेवणारे इतिहासग्रंथ क्लबासाठी कुचकामी, असं माझं मत आहे.

मराठी क्लबात एक अडचण हमखास येते. कादंबरीतल्या पात्रावर केलेली टीका थेट त्या ऐतिहासिक व्यक्तीवर केलेली टीका समजली जाते. ‘इथे नायक फारच हळवा दाखवलाय’ म्हटलं की कुणाच्या तरी कपाळावर आठी उमटते. यावर साधा उपाय म्हणजे बोलताना लेखकाचं नाव पुढे लावायचं. ‘देसाईंचे माधवराव’, ‘पाटलांचे भाऊसाहेब’, ‘सावंतांचे संभाजीराजे’. सुरुवातीला कृत्रिम वाटतं, पण नाव लावल्याबरोबर लक्षात येतं की आपण एका लेखकाच्या कामाबद्दल बोलतोय आणि तापलेलं वातावरण निवतं. गंमत अशी, की इतिहासग्रंथालाही हे लागू आहे. ‘सरदेसायांचे भाऊसाहेब’ आणि ‘शेजवलकरांचे भाऊसाहेब’ हेही एकच नव्हेत.

हे कळायला संभाजी महाराजांइतका चांगला विषय नाही. त्यांची दुर्गुणी, बेफिकीर राजपुत्र ही प्रतिमा दीर्घकाळ चालली, तिच्यामागे मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीचा मोठा हात होता. ही बखर संभाजीराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेली. लिहिणारे मल्हार रामराव हे बाळाजी आवजी चिटणीसांचे वंशज आणि बाळाजी आवजींना संभाजीराजांनीच १६८१मध्ये देहदंड दिला होता. एवढी माहिती कळली की बखरीतलं प्रत्येक वाक्य वेगळं दिसू लागतं. ती खोटीच ठरते असं नाही, पण ती कुणाच्या घरात बसून लिहिली हे विसरता येत नाही. वा. सी. बेंद्रे यांनी वर्षानुवर्षं साधनं धुंडाळून ही प्रतिमा उलटीपालटी केली, कमल गोखले यांनी ‘शिवपुत्र संभाजी’ लिहिलं आणि शिवाजी सावंतांची ‘छावा’ आली ती या संशोधनानंतर. म्हणजे कादंबरीने घडवली असं आपण समजतो ती प्रतिमा आधी अभिलेखागारांत घडत होती. ‘छावा’ वाचल्यावर गोखले किंवा बेंद्रे यांचं एखादं प्रकरण घेतलं, तर कादंबरीकाराने काय उचललं आणि काय आपल्या पदरचं घातलं हे ओळीओळीने दाखवता येतं.

आणखी एक गल्लत, तुलनेने सोपी. जुनी कादंबरी म्हणजे ऐतिहासिक कादंबरी नव्हे. हरी नारायण आपट्यांच्याच दोन कादंबऱ्या शेजारी ठेवा. ‘पण लक्षात कोण घेतो’ आणि ‘उषःकाल’, दोन्ही १८९०च्या दशकात ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आलेल्या. पहिली तेव्हाच्या वर्तमानाबद्दल आहे, दुसरी शिवकाळाबद्दल. ऐतिहासिक कादंबरी म्हणायची ती दुसरीलाच. पण आज एकोणिसाव्या शतकातल्या मराठी मध्यमवर्गीय घराचा, त्यातल्या बायकांच्या जगण्याचा इतिहास हवा असेल तर पहिलीच जास्त उपयोगी, कारण आपण पुढे कुणाचा ‘इतिहास’ होणार आहोत याची तिला जाणीवच नाही. ‘उषःकाल’मधून शिवकाळ किती कळतो याबद्दल मला शंका आहे, १८९५च्या सुमारास मराठी वाचकाला शिवकाळ कसा हवा होता ते मात्र छान कळतं. टिळक रायगडावरच्या समाधीसाठी निधी उभारत होते तोच हा काळ. प्रत्येक ऐतिहासिक कादंबरीला अशा दोन तारखा असतात, गोष्टीची आणि लिहिण्याची. क्लबात दुसरी तारीख कुणीच विचारत नाही. ती विचारावी.

बखरी आणि आठवणी कादंबरी आणि इतिहासग्रंथ या दोहोंच्या मधल्या. सभासदाची बखर शिवाजी महाराजांच्या निधनानंतर दोन दशकांच्या आत, राजाराम महाराजांसाठी जिंजीत लिहिलेली, आकाराने आटोपशीर. भाषेला थोडं सरावावं लागतं, पण एका बैठकीत मोठ्याने वाचता येण्याजोगी. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ तर क्लबासाठी जणू बेतलेला. १८५७च्या धामधुमीत उत्तरेत गेलेला भिक्षुक, झाशीचा पाडाव डोळ्यांनी पाहिलेला, आणि भाषा अशी की पुस्तक खाली ठेववत नाही. हे ना कादंबरी, ना इतिहासग्रंथ. साक्षीदाराचं बोलणं आहे, तेही घटनेनंतर पाव शतकाने लिहिलेलं. त्यामुळे ‘कशावरून?’ याचं उत्तर बहुतेक वेळा ‘मी पाहिलं’ किंवा ‘मी ऐकलं’ असं येतं आणि या दोन उत्तरांमधला फरक पानोपानी तपासायला मिळतो.

आता प्रत्यक्ष निवडीचं. दोन्ही प्रकार एकत्र वाचायचे असतील तर माझ्या मते कादंबरी आधी आणि पूर्ण, इतिहास नंतर आणि थोडा. सहाशे पानांचा ग्रंथ महिन्याभरात संपवा म्हटलं की पुढच्या बैठकीला अर्ध्या खुर्च्या रिकाम्या राहतात. तेच कादंबरी वाचून झालेल्या माणसाला ‘या लढाईचं हे तीस पानांचं प्रकरण बघ’ म्हटलं तर तो अधाशासारखा वाचतो, कारण आता त्याला स्वतःचे प्रश्न पडलेले असतात. उलटा क्रम केल्यास कादंबरी वाचताना प्रत्येक पानावर चुका शोधण्याची सवय जडते आणि पुस्तकाचा रस जातो. याला एक अपवाद आहे. काळ आणि मुलूख पूर्ण अनोळखी असेल, उदाहरणार्थ नेपोलियनच्या स्वारीवरची टॉलस्टॉयची कादंबरी घेतली असेल, तर आधी त्या काळाची वीसेक पानांची ओळख वाचून घ्यावी, नाहीतर कोण कुणाविरुद्ध लढतोय यातच दोन बैठका जातात.

नव्या, एकमेकांना फारसे न ओळखणाऱ्या सदस्यांचा क्लब असेल तर अस्मितेचा विषय पहिल्याच महिन्यात घेऊ नये. त्यापेक्षा ‘माझा प्रवास’ घ्यावा. वादाला भरपूर जागा आहे, पण कुणाच्या घराण्याला झळ लागत नाही. क्लब मुरला की रणजित देसाईंची शिवाजी महाराजांवरची ‘श्रीमान योगी’ घ्या, आणि घेताना नरहर कुरुंदकरांची पत्ररूप प्रस्तावना स्वतंत्र बैठकीसाठी राखून ठेवा. कादंबरीच्याच पुठ्ठ्यात इतिहासाचा विचार करणारं इतकं रोखठोक लेखन मिळणं दुर्मीळ. बरेच वाचक ती ओलांडून थेट गोष्टीकडे जातात, म्हणून ती आधी वाचायची की कादंबरी संपल्यावर हे क्लबाने सुरुवातीलाच ठरवावं. मी नंतर वाचायला सांगेन.

निरोप पाठवताना नावासोबत लेखक, प्रकार आणि आवृत्ती, तिन्ही लिहा. ‘माझा प्रवास’च्या बाबतीत तर हे फारच गरजेचं आहे. १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी तो छापला तेव्हा इंग्रजी अंमल होता आणि मजकुरात त्यांनी फेरफार केले होते. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६मध्ये प्रसिद्ध केला. बाजारात आणि ग्रंथालयांत दोन्ही परंपरेतल्या प्रती फिरत असतात. दोन सदस्यांकडे दोन वेगळे पाठ आले तर बदलू नका. झाशीची प्रकरणं दोघांना आलटून पालटून वाचायला लावा आणि कुठे काय गळलं ते बाकीच्यांनी पेन्सिलीने टिपून घ्यावं.