जियानझान (चहाचे काळे चिनी वाडगे)

जियानझान म्हणजे चीनच्या फुजियान प्रांतात सोंग राजवटीत (९६०-१२७९) बनलेले काळ्या ग्लेझचे (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) चहाचे वाडगे. भट्ट्या होत्या जियानयांगजवळ शुईजी गावाच्या आसपास, डोंगरउतारावर चढत जाणाऱ्या, त्यातली खोदकामात सापडलेली एक तर १३५ मीटरच्या वर लांब भरली.

काळाच रंग का, तर चहामुळे. तेव्हा चहाच्या दाबून केलेल्या वड्या दळून बारीक पूड करायचे, ती वाडग्यात टाकून गरम पाणी ओतत बांबूच्या ब्रशने घुसळायचे आणि वर पांढरा फेस आणायचे. जितका पांढरा तितका भारी, आणि पांढऱ्या वाडग्यात तो काय दिसणार कपाळ! याच्या चक्क स्पर्धा लागायच्या, ज्याचा फेस आधी विरून कडेला पाण्याची रेघ दिसली तो हरला. ११व्या शतकात त्साय श्यांग नावाच्या अधिकाऱ्याने चहावरच्या पुस्तकात याच वाडग्यांना पसंती दिलीय, कारण जाड असतात, तापवले की लवकर गार होत नाहीत. सम्राट हुइझोंगनेही चहावर ग्रंथ लिहिला, त्यालाही सशाच्या केसांसारख्या रेघांचेच वाडगे आवडायचे (राज्य मात्र सांभाळता आलं नाही, ११२७ मध्ये उत्तरेकडचे जुर्चेन लोक त्याला पकडून घेऊन गेले).

या रेघा कुणी रंगवलेल्या नाहीत. माती आणि ग्लेझ दोन्हीत लोह भरपूर, भट्टी १३०० अंशांच्या आसपास गेली की ते ग्लेझमधून सुटून वर येतं, ओघळलं की रेघा आणि जागीच राहिलं की तेलाच्या थेंबांसारखे ठिपके. नेमकं काय निघेल ते भट्टी उघडल्यावरच कळायचं. ग्लेझ इतका घट्ट की बुडाच्या आधीच जाड थेंब होऊन थांबतो, खालची माती कोरीच दिसते.

१३९१ मध्ये मिंग सम्राट होंगवूने दरबारासाठी वड्यांचा चहा बंद करून सुट्या पानांचा मागवला, पण त्याआधीच हे वाडगे मागे पडले होते. चीनमध्ये घुसळणं संपलं, जपानमध्ये मात्र टिकलं. बौद्ध भिक्षूंनी नेलेले हे वाडगे तिथे तेनमोकू म्हणून पुजले गेले. इंद्रधनुषी डागांचे, सगळ्यात दुर्मिळ असे तीन आज तिथे राष्ट्रीय ठेवा आहेत, टोकियो, ओसाका आणि क्योतोत एकेक. तेलठिपक्यांचा एक वाडगा २०१६ ला न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी १७ लाख डॉलरला गेला. जियानयांगमध्ये हल्ली परत भट्ट्या लागल्यात आणि नवे वाडगे चांगलेही असतात, त्यामुळे कुणी स्वस्तात सोंग काळातला म्हणून देत असेल तर जरा जपूनच.