कोहिमा युद्ध दफनभूमी

नागालँडची राजधानी कोहिमा येथील, दुसऱ्या महायुद्धात मरण पावलेल्या राष्ट्रकुल सैनिकांची दफनभूमी. गॅरिसन हिल या टेकडीच्या उतारावर ती टप्प्याटप्प्यांनी रचलेली असून तीत सु. १,४२० समाध्या आहेत. ४ एप्रिल ते २२ जून १९४४ या काळात जपानी सैन्याला याच परिसरात रोखण्यात आले. उपायुक्तांच्या बंगल्याशेजारील टेनिसच्या मैदानाच्या दोन बाजूंना दोन्ही सैन्ये काही काळ समोरासमोर होती. त्या मैदानाच्या रेषा आजही आखून राखलेल्या दिसतात. दफनभूमीचा आराखडा वास्तुविशारद कॉलिन सेंट क्लेअर ओक्स यांचा. व्हिक्टोरिया क्रॉस या सर्वोच्च ब्रिटिश शौर्यपदकाचे मानकरी जॉन हार्मन व जॉन रँडल यांच्या समाध्या येथे आहेत. सर्वांत उंच भागी, अग्निसंस्कार झालेल्या ९१७ हिंदू व शीख सैनिकांचे स्मारक आहे.

दफनभूमीतील ‘बलिदानाचा क्रूस’ हा वास्तुविशारद रेजिनल्ड ब्लूमफील्ड यांनी पहिल्या महायुद्धानंतर सिद्ध केलेल्या नमुन्याचा आहे : अष्टकोनी बैठकीवरील उंच दगडी क्रूस आणि त्यावर टोक खाली असलेली कांस्य तलवार. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगात या चिन्हावरून मतभेद होते. वास्तुविशारद एडविन लट्यन्स यांना कोणत्याही धर्माचे चिन्ह नसलेली स्मरणशिळा पुरेशी वाटत होती. आयोगाचे सल्लागार फ्रेडरिक केन्यन यांच्या १९१८ च्या अहवालाने क्रूस व शिळा या दोहोंना स्थान दिले. त्यांचे नाव सदैव जिवंत राहते, या आशयाचे शिळेवरील वचन लेखक रड्यर्ड किपलिंग यांनी ‘सिराख’ या प्राचीन ज्यू धर्मग्रंथातून निवडले. त्या ओवीचा, देह शांतीने पुरले गेल्याचा पूर्वार्ध दहन करणाऱ्या सैनिकांचा विचार करून वगळला गेला, असे सांगितले जाते.

प्रवेशद्वाराजवळील दुसऱ्या ब्रिटिश डिव्हिजनच्या स्मारकावरील लेख सर्वाधिक परिचित आहे. घरी परतणाऱ्याने आमच्याविषयी सांगावे की, तुमच्या उद्यासाठी आम्ही आमचा आज दिला, असा त्याचा आशय आहे. तो कोणी रचला याबद्दल एकवाक्यता नाही. सामान्यतः तो केंब्रिजचे ग्रीक अभ्यासक जॉन मॅक्सवेल एडमंड्स (१८७५–१९५८) यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात, बहुधा १९१६ च्या सुमारास, रचलेल्या स्मृतिलेखांपैकी एक मानतात. कोहिमा येथील पाठ त्यांच्या मूळ पाठाहून किंचित वेगळा आहे. तो येथे कोरण्याची सूचना डिव्हिजनमधील मेजर जॉन एट्टी-लील यांनी केली, असे समजतात. एडमंड्स यांच्यासमोर ग्रीसमधील थर्मोपिलीच्या लढाईत इ.स.पू. ४८० मध्ये पडलेल्या स्पार्टन वीरांवरील ग्रीक लेख असावा, हे मत ग्राह्य वाटते. वाटसरूने घरच्यांना निरोप द्यावा, ही कल्पना दोन्हींत समान आहे. तो ग्रीक लेख सायमनिडीझ या कवीचा असल्याची परंपरा रोमन लेखक सिसेरोइतकी जुनी आहे. ग्रीक इतिहासकार हिरॉडोटस मात्र तो उद्‌धृत करताना कवीचे नाव देत नाही. तेथेच पडलेल्या मेगिस्टियस या भविष्यवेत्त्यावरील लेख तेवढा हिरॉडोटस स्पष्टपणे सायमनिडीझचा म्हणतो. त्यामुळे त्या ग्रीक लेखाच्या कर्त्याचा प्रश्न खुला ठेवणेच इष्ट.

कोहिमाच्या या लेखात देवाचा किंवा पुनरुत्थानाचा उल्लेख नाही, ही गोष्ट भाविक दर्शकाने ध्यानात घेण्यासारखी आहे. येथील ख्रिस्ती आशय क्रूसात आणि बुटक्या दगडांवर बसवलेल्या कांस्यपट्ट्यांत आहे. पट्टीवर नाव, पलटण, मृत्यूचा दिवस व वय यांच्याखाली कुटुंबीयांनी निवडलेली एखादी ओळ असते, तर ओळख न पटलेल्या सैनिकाच्या समाधीवर तो देवाला ठाऊक असल्याचे नमूद असते. मित्रांकरिता प्राण देण्याहून मोठी प्रीती नाही, हे योहानकृत शुभवर्तमानातील (१५:१३) वचन अशा ठिकाणी फार आधार देते. तथापि ख्रिस्ती धर्मशास्त्र ख्रिस्ताचे मरण एकमेव व सर्वांसाठी एकदाच झालेले मानते. रणांगणावरील मृत्यूने तारण मिळते, अशी त्याची शिकवण नाही. हा भेद न पुसता सैनिकाच्या त्यागाचा मान राखणे, हीच येथील प्रार्थनेची योग्य दिशा म्हणता येईल. क्रूसावर तलवार असावी का, हा आक्षेपही याच भेदातून निघतो आणि तो गंभीरपणे घेण्याजोगा आहे.

नागालँडमध्ये ख्रिस्ती, विशेषतः बाप्टिस्ट, बहुसंख्य असल्याने क्रूस आज येथील लोकांना परका नाही. महाराष्ट्रात याच युद्धसमाधी आयोगाची दफनभूमी पुण्याजवळ खडकी येथे असून तेथेही बलिदानाचा क्रूस आहे. पश्चिम व मध्य भारतात विखुरलेल्या, कायम देखभालीची शाश्वती नसलेल्या समाध्या तेथे एकत्र आणण्यात आल्या.