फायबरचं बॉनेट आलं कुठून?

जुन्या अमेरिकन मसल कारला, म्हणजे दणकट इंजिनाच्या गाडीला, फायबरचं किंवा ॲल्युमिनियमचं बॉनेट-मडगार्ड बसवून फायदा होतो का, यावर हौशी मंडळींत सतत खल चालतो. उत्तर शोधायचं तर हे पार्ट मुळात कोणी आणि कशासाठी बनवले, ते पाहावं लागतं. रस्त्यावर मिरवायला तर ते नक्कीच बनले नव्हते.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला डेट्रॉइटच्या कंपन्यांची खरी झुंज ड्रॅग स्ट्रिपवर, पाव मैलाच्या सरळ पट्ट्यावर चालायची. सात लिटरचं बिडाचं इंजिन पुढे असल्यामुळे गाडीचं नाक जड आणि मागची चाकं हलकी. सुटताना टायर जागीच फिरत राहायचे, ताकद रस्त्याला लागायचीच नाही. त्यामुळे वजन कमी करायचं ते आधी पुढून, असा हिशोब होता. पाँटिॲकने ॲल्युमिनियमचे मडगार्ड, बॉनेट आणि बंपर काढले. १९६३ मध्ये तर कॅटालिनाच्या चासीलाच भोकं पाडली. लोक तिला ‘स्विस चीज’ म्हणू लागले. शेव्हरोलेच्या झेड-११ इम्पालालाही पुढे ॲल्युमिनियमचाच पत्रा होता. मात्र १९६३ च्या जानेवारीत या दोन्ही कंपन्यांची मालक असलेल्या जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी शर्यतींतून अंग काढून घ्यायचा हुकूम सोडला आणि या दोन्ही गाड्यांचा खेळ तिथेच आटोपला.

फोर्डने फायबर धरलं. १९६४ ची फेअरलेन थंडरबोल्ट हा त्यातला कळस. जेमतेम शंभर गाड्या निघाल्या. बॉनेट आणि पुढचे मडगार्ड फायबरचे, खिडक्यांना काचेऐवजी प्लेक्सिग्लास, रेडिओ नाही, हीटर नाही, शेजारच्या सीटसमोरचा वायपरसुद्धा नाही. चार हेडलाइटपैकी आतले दोन काढून तिथे जाळी बसवली होती आणि तिथून जाड नळ्यांनी हवा थेट कार्बोरेटरकडे नेली होती. मला सर्वांत बोलका वाटतो तो मात्र डिकीतला उजवा कोपरा. तिथे मुद्दाम भलीमोठी, जड बॅटरी ठेवलेली असे. एकीकडे वायपरचं वजन वाचवायचं आणि दुसरीकडे हे धूड चढवायचं, हा वेडेपणा नव्हता. नियमाने गाडीचं किमान वजन ३,२०० पौंड, म्हणजे साधारण १,४५० किलो ठरलेलं होतं. ते वजन नाकावर ठेवायचं की मागच्या चाकांवर, एवढंच हातात होतं.

१९६५ साठी एनएचआरए या शर्यत संघटनेने सुपर स्टॉक गटात, म्हणजे कारखान्याच्या गाड्यांच्या गटात, फायबर-ॲल्युमिनियमच्या बॉडी पार्टना मनाई केली. क्रायस्लरने पत्रा पोलादाचाच ठेवला, फक्त पातळ केला! त्याच वर्षी वेगळ्या गटासाठी पुढची-मागची चाकं पुढे सरकवलेल्या गाड्या बनवताना अख्खी बॉडी ॲसिडच्या हौदात बुडवली. ॲसिड पत्रा खात जातं, जाडी उतरते, वजनही उतरतं. या चमत्कारिक दिसणाऱ्या गाड्यांवरूनच ‘फनी कार’ हे नाव पडलं. १९६६ मध्ये मर्क्युरी कॉमेटचं संपूर्ण कवचच फायबरचं झालं आणि ते पेटीच्या झाकणासारखं उघडू लागलं. तिथून पुढे कारखान्याच्या गाडीशी नातं नावापुरतंच राहिलं.

क्रायस्लरची १९६८ ची हेमी डार्ट हे या घराण्यातलं शेवटचं मोठं नाव. फायबरचे मडगार्ड, ॲसिडने पातळ केलेले दरवाजे, आणि काच वर-खाली करायला हँडलऐवजी पट्टा. ही गाडी सार्वजनिक रस्त्यासाठी बनवलेली नाही, असं कंपनीने तिच्यावर लिहूनच ठेवलं होतं. हा इशारा आजच्या ग्राहकानेही मनावर घ्यावा.

पुढच्याच वर्षी शेव्हरोलेने वजन पत्र्यात न शोधता इंजिनात शोधलं. झेडएल-१ कमॅरोचं सात लिटरचं इंजिन संपूर्ण ॲल्युमिनियमचं होतं. अशा ६९ गाड्या बनल्या. इंजिनाचा खर्च मूळ गाडीच्या किमतीहून जास्त. आज मात्र ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाचे वरचे भाग, सर्रास मिळतात. मोठ्या इंजिनावर त्यांनी तीसेक किलो वाचतात, तेही बॉडीला हात न लावता. पट्ट्यावरचा जुना आडाखा असा की शंभर पौंड घटवले की पाव मैलात सेकंदाचा दहावा भाग मिळतो. शर्यत जिंकायला तेवढं पुरतं. रविवारी फेरफटका मारणाऱ्याला तो फरक जाणवणारही नाही. म्हणून रस्त्यावरच्या गाडीला माझं मत हेडच्या बाजूने. मूळचा पत्रा शाबूत असेल तर तो कापून फेकणं मला तरी पटत नाही.

कोणाला फायबर लावायचंच असेल, तर निदान बॉनेटपुरतं लावावं. पण त्याचीही कटकट आहे. जुन्या बिजागऱ्यांच्या स्प्रिंगा जड पोलादी बॉनेट पेलण्यासाठी केलेल्या. हलकं बॉनेट त्यांच्या जोराने वाकतं, कधी तडकतंही. त्यामुळे बरेच जण बिजागऱ्याच काढून चार कोपऱ्यांना पिना लावतात. मग इंजिन ऑइल बघायचं म्हटलं तरी बॉनेट उचलून बाजूला ठेवायला दुसरा माणूस लागतो.