लाइन गेल्यावर टेप कुठे थांबते? एमटी कमांडची पार्श्वभूमी

सोमवारचा बॅकअप (संगणकातल्या माहितीची राखीव प्रत) चुंबकीय टेपवर घेतला, मंगळवारचा त्याच टेपवर घेतला, आणि बुधवारी पाहिलं तर सोमवारचा गायब! टेप ड्राइव्ह, म्हणजे टेपवर लिहिणारं-वाचणारं यंत्र, नव्यानं हाताळणारे इथे हमखास फसतात. लिनक्स या संगणक प्रणालीत एकाच ड्राइव्हला दोन नावं असतात, एसटी-शून्य आणि एनएसटी-शून्य. पहिल्या नावानं काम केलं तर काम संपताच टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. दुसऱ्या नावानं केलं तर ती जिथं थांबली तिथंच राहते.

हे असं का, ते कळायला मागं जावं लागतं. १९५१ च्या युनिव्हॅक संगणकाची टेप धातूची होती. पुढच्याच वर्षी आयबीएमनं ७२६ हा ड्राइव्ह आणला. त्यात अर्धा इंच रुंदीची प्लास्टिकची टेप सेकंदाला ७५ इंच धावायची आणि एका इंचात १०० अक्षरं मावायची. खरी अडचण थांबण्याची होती. एवढ्या वेगातली टेप जागच्या जागी थांबत नाही, म्हणून दोन ब्लॉकच्या, म्हणजे एका दमात लिहिलेल्या मजकुराच्या तुकड्यांच्या, मध्ये कोरी जागा सोडावी लागे. पुढे आलेल्या नऊ ट्रॅकच्या (नऊ समांतर ओळींत लिहिल्या जाणाऱ्या), इंचाला १६०० बाइट घेणाऱ्या टेपवर ही जागा ०.६ इंच होती. हिशोब करून पाहा: ५१२ बाइटच्या ब्लॉकला ०.३२ इंच लागतं, म्हणजे मजकुरापेक्षा मोकळी जागा जवळपास दुप्पट. म्हणूनच १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्स या संगणक प्रणालीबरोबर आलेला टार, म्हणजे अनेक फाइली एकत्र करून टेपवर लिहिणारा प्रोग्रॅम, असे वीस ब्लॉक एकत्र बांधून लिहू शकत होता. १०,२४० बाइटना ६.४ इंच, आणि मोकळी जागा तेवढीच ०.६. आज आपण इंटरनेटवरून उतरवतो त्या टार फाइलमध्येही वीसचा तो आकडा तसाच आहे, टेप नसली तरी.

टेपवर फाइलींची यादी नसते. एक फाइल संपली की ड्राइव्ह तिथे एक खूण लिहितो, बस. तिसरी फाइल हवी असेल तर दोन खुणा ओलांडायच्या. एमटीला ‘एफएसएफ २’ सांगणं म्हणजे एवढंच. बर्कलीच्या बीएसडी युनिक्समधली एमटी कमांड हेच काम करते. तिला फाइलच्या आतल्या मजकुराशी देणंघेणं नाही, ती फक्त टेप हलवते. रिवाइंड, पुढे, मागे, ऑफलाइन, शेवटापर्यंत. स्टेटस विचारलं तर टेप कितव्या फाइलवर उभी आहे आणि तिच्यावर लिहिता येतं की नाही ते सांगते. जुन्या रिळांच्या मागे प्लास्टिकची एक कडी बसवायची असे. कडी नसली की लिहिणं बंद. आजच्या कार्ट्रिजवर त्या जागी छोटा खटका आहे.

या टेप विदर्भालाही नव्या नाहीत. १९८८ मध्ये आयआरएस-१ए उपग्रह सुटला आणि त्याच वर्षी नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र सुरू झालं. त्या काळी उपग्रहाची चित्रं नऊ ट्रॅकच्या रिळांवर मिळत. बीएसक्यू रचनेत चित्राचा प्रत्येक पट्टा (प्रकाशाचा एकेक रंग) वेगळा लिहिलेला असे. पिकांच्या हिरवाईसाठी लागणारा अवरक्त पट्टा गाठायचा तर आधीचे सगळे ओलांडावे लागत.

२००० साली एलटीओ ही कार्ट्रिजमधली टेप आली, कार्ट्रिजला १०० गिगाबाइट. नवव्या पिढीत ते १८ टेराबाइट झालं. रुंदी मात्र १९५२ चीच, अर्धा इंच, आणि एमटीचे शब्दही तेच. २०१० मध्ये आलेल्या एलटीएफएसमुळे टेप फोल्डरसारखी उघडता येते खरी, पण ती सोय बिघडली की माणूस पुन्हा एमटीकडेच वळतो.

तालुक्याच्या पतसंस्थेत किंवा जिनिंगच्या ऑफिसात टेप वापरायची असेल तर घोर लाइनचा. मध्येच लाइन गेली आणि परत आली, की ड्राइव्ह टेप सुरुवातीला नेऊन ठेवतो. सर्व्हर यूपीएसवर चालू राहिला आणि फक्त ड्राइव्ह बंद पडला, तर लिनक्सचा ड्रायव्हर (ड्राइव्ह हाताळणारा त्याचा भाग) सावध असतो: रिवाइंड किंवा ईओएम (लिहिलेल्या मजकुराच्या शेवटापर्यंत नेण्याची आज्ञा) दिल्याशिवाय तो लिहूही देत नाही. पण सगळंच बंद पडून पुन्हा सुरू झालं तर त्याला आधीचं काही आठवत नाही. मग एनएसटी वापरूनही पुढचा बॅकअप टेपच्या सुरुवातीलाच, जुन्या मजकुरावर जाऊन बसतो. टेपवर जिथं लिहिणं थांबलं तिथं डेटाचा शेवट ठरतो, त्यामुळे मागचा मजकूर पुसला गेला नसला तरी साध्या मार्गानं हाती लागत नाही. म्हणून बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये (आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या यादीत) टेपवर लिहिण्याआधी ईओएम आणि त्यानंतर स्टेटस, हे दोन्ही असायलाच हवेत.

बाकी काळजी उन्हाळ्याची. चंद्रपूर-वर्ध्याच्या मे महिन्यात बंद खोलीतलं कपाट चाळिशी सहज ओलांडतं, आणि दीर्घकाळ ठेवायच्या टेपला साधारण १६ ते २५ अंश लागतात. त्यावर उपाय म्हणून कूलर लावू नये. त्याची दमट हवा टेपला उन्हाइतकीच वाईट. आणि जिनिंगजवळ असाल तर कापसाची धूळ ड्राइव्हच्या हेडवर बसते, तेव्हा क्लीनिंग कार्ट्रिज आधीच मागवून ठेवा.