पारिया कॅनियनला येण्याआधी एवढं वाचाच

बुकिंग झालंय, आता थोडा वेळ काढून हे नीट वाचा, कारण आत शिरल्यावर फोनला रेंज नसते आणि विसरलेली वस्तू आणायला मागे जाता येत नाही.

आपला ट्रेक युटामधल्या वायर पासपासून सुरू होतो, बकस्किन गल्चमधून पारिया नदीत उतरतो आणि नदीच्या कडेकडेने, खरं तर बराचसा नदीतूनच, ॲरिझोनातल्या लीज फेरीला कोलोरॅडो नदीपाशी संपतो. साधारण 70 किलोमीटर, 5 दिवस. चढउतार फार नाही म्हणून बरेच जण याला सोपा ट्रेक समजतात, पण इथे दमवतं ते पाणी, कधी मिळत नाही म्हणून तर कधी नको तिथे येतं म्हणून.

आधी पुराबद्दल. बकस्किन ही प्रचंड लांब आणि अरुंद घळ आहे, काही ठिकाणी हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात आणि वर आकाशाची नुसती एक चीर दिसते. मध्येच बाहेर पडायला वाट जवळपास नाहीच. तुमच्या डोक्यावर स्वच्छ ऊन असलं तरी लांब कुठेतरी वरच्या अंगाला वादळ झालं की ते सगळं पाणी उघड्या खडकावरून घसरत थेट या घळीत येतं, जमिनीत मुरत नाही. इथून जवळच, पेज गावाशेजारच्या अँटेलोप कॅनियनमध्ये 12 ऑगस्ट 1997 ला असंच झालं, पाऊस पडला वर लांबवर आणि घळीत उतरलेली 11 माणसं गेली. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही बकस्किनला जातच नाही, एप्रिल-मे नाहीतर ऑक्टोबर. आणि तेव्हाही सकाळी निघण्याआधी पारिया नदी जिथून येते त्या ब्राइस कॅनियनच्या बाजूचा अंदाज बघतो, तिकडे वादळाची शक्यता दिसली तर त्या दिवशी आत जायचं नाही. तुम्ही लांबून रजा काढून आलात हे आम्हाला कळतं, तरी या एका बाबतीत आम्ही ऐकणार नाही.

आता पिण्याच्या पाण्याचं. पहिल्या दिवशी बकस्किनमध्ये पिण्यासारखं पाणी नाही, साचलेली गढूळ डबकी असतात, कधी गुडघ्याएवढी कधी छातीएवढी, आणि ऊन पोचत नाही म्हणून बाहेर कितीही गरम असलं तरी त्यात अंग काकडतं. त्या दिवसाचं 4-5 लिटर सॅकमध्येच घ्या, आणि कोरडे कपडे नीट बंद होणाऱ्या पिशवीत. संध्याकाळी संगमाजवळ पारियाचं पाणी मिळतं पण त्यात इतका गाळ असतो की थेट फिल्टरमध्ये घातलंत तर दोन बाटल्यांत फिल्टर चोंदतो. आम्ही घडीची बादली भरून चिमूटभर तुरटी फिरवतो, रात्रभर हलवत नाही, सकाळी वरचं निवळ पाणी अलगद काढून मग फिल्टर करतो. कंटाळवाणं काम आहे, पण त्या बादलीला पाय लागू देऊ नका :) पुढे भिंतीतून पाझरणारे झरे लागतात, ते मिळाले की नदीचं पाणी पिऊच नका, नदीत वरच्या शेतांमधलंही पाणी येतं.

शेवटच्या भरवशाच्या झऱ्याचं नावच लास्ट रिलायेबल स्प्रिंग आहे. तिथून लीज फेरी जवळपास 20 किलोमीटर, कॅनियन रुंद होतं आणि सावली जाते. तिथे प्रत्येकाने निदान 5 लिटर भरायचं, म्हणजे पाठीवर 5 किलो वाढणार, म्हणून आधीपासून सॅक हलकी ठेवा. नुसतं पाणी ढोसत राहू नका, सोबत खारट काहीतरी खात राहा, घामातून मीठ जातं आणि खूप पाणी पिऊनही माणूस आजारी पडतो.

पायांबद्दल लोक सगळ्यात कमी विचारतात आणि तिसऱ्या दिवशी त्रास तिथेच होतो. नदी शेकडो वेळा ओलांडायची असते, वॉटरप्रूफ बूट उपयोगाचे नाहीत, आत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही. जाळीदार बूट आणि लोकरीचे मोजे आणा, वाळू साचली की लगेच थांबून झटका, फोड आल्यावर नको. काठी आणा, रुतणारी वाळू लागते, ती क्वचितच धोक्याची असते पण काठीने चाचपलं की पाय अडकत नाही.

परमिट आम्ही काढतो. मुक्कामाला दिवसाला फक्त 20 जणांना सोडतात आणि एका ग्रुपमध्ये जास्तीत जास्त 10, त्यामुळे ऐनवेळी मित्र जोडता येत नाही. शेकोटीला परवानगी नाही. शौचासाठी खास पिशव्या मिळतात आणि त्या वापरून स्वतःच्या सॅकमधून बाहेर आणायच्या, हे ऐकून नाक मुरडणारे असतात पण अरुंद घळीत पुरायला जागाच नाही आणि खालचं पाणी पुढचा माणूस पिणार आहे.

निघायच्या आठवडाभर आधी आम्हाला तुमची औषधं, ॲलर्जी आणि घरच्या एका माणसाचा नंबर पाठवा. त्या माणसाला रूट आणि परतायची तारीख तुम्हीही सांगून ठेवा. सॅटेलाइट मेसेंजर आमच्याकडे असतो, पण उंच भिंतींमध्ये त्याचाही मेसेज कधीकधी तासभर अडकतो, तेव्हा घरी आधीच कळवा की रोजचा मेसेज उशिरा आला तर घाबरू नका.