बरणीतली रिकामी जागा

नाताळ जवळ आला की वसईत आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन (म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती) घरांत काळ्या द्राक्षांची वाईन साक्यावरून निथळून घेतली जाते. थोडी सणाला संपते, बाकीची ‘मुरू दे अजून’ म्हणून पुन्हा बरणीत जाते. ती मुरणार की आंबणार, हे बरणी किती भरली आहे यावर बरंचसं ठरतं.

पाच लिटरच्या बरणीत पावणेचार लिटर वाईन आहे असं धरू. वर सव्वा लिटर हवा, म्हणजे अंदाजे ३४० मिलिग्रॅम ऑक्सिजन. वाईन टिकवायला पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची पूड घालतात. तिच्यातून सल्फर डायऑक्साइड मिळतो. लिटरला ५० मिलिग्रॅम या हिशेबाने या बरणीत तो जेमतेम १९० मिलिग्रॅम होईल. एक मिलिग्रॅम ऑक्सिजन निकामी करायला चार मिलिग्रॅम लागतात, तेव्हा सगळा सत्कारणी लागला तरी ४७ मिलिग्रॅमचाच बंदोबस्त झाला. उरलेला ऑक्सिजन हळूहळू वाईनमध्ये उतरतो. पूड सातपट करावी, तर वाईनला जळक्या काडेपेटीचा वास येईल आणि दम्याच्या माणसाला ती बाधू शकेल.

ऑक्सिजन अल्कोहोलला थेट हात लावत नाही. वाईनमध्ये लोह आणि तांबं अगदी किंचित असतं. त्यांच्या मदतीने तो आधी द्राक्षाच्या सालीतल्या फिनॉल द्रव्यांना गाठतो. त्यातून रंग तपकिरी होऊ लागतो आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. हे पेरॉक्साइड अल्कोहोलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं. कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास येतो तो याचाच. (तांबं या साखळीला हातभार लावतं, म्हणूनच तांब्या-पितळेची भांडी वाईनजवळ नकोत.) शिवाय हवा मिळाली की अ‍ॅसिटोबॅक्टर जिवाणू अल्कोहोलचा व्हिनेगर करायला बसलेलेच असतात.

तरीही हवा सरसकट वैरी नव्हे. तिसऱ्या नेपोलियनच्या सांगण्यावरून १८६३ साली लुई पाश्चर वाईनच्या बिघाडांचा अभ्यास करू लागला, आणि वाईन जुनी होण्यात ऑक्सिजनचाच हात असतो हे त्याने दाखवलं. ओकच्या पिंपातून कणाकणाने शिरणाऱ्या ऑक्सिजनमुळे जे थोडं अ‍ॅसिटाल्डिहाइड बनतं, ते टॅनिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना जोडतं. तुरटपणा मवाळ होतो, रंग पक्का बसतो. फरक मात्रेचा आहे.

‘वर कार्बन डायऑक्साइडचा थर असतो, काळजी नको’ हे मात्र ऐकू नये. साखरेचं अल्कोहोल होण्याची क्रिया (फर्मेंटेशन) जोरात असते तोवर ते खरं. ती थांबली आणि झाकण उघडलं, की वायू एकमेकांत मिसळतात. थर वगैरे राहत नाही.

उपाय स्वस्त आहे: मोठी बरणी सोडून लहान बाटल्या घ्यायच्या आणि बुचाखाली दोन बोटं जागा ठेवून भरायच्या. बाटली अर्धवट राहिलीच तर उकळून घेतलेल्या काचेच्या गोट्या टाकून पातळी वर आणता येते. ओतताना धार वरून सोडू नये, नळीचं टोक तळाशी टेकवावं. आणि बाटल्या फ्रीजमध्ये ठेवाव्यात. आपल्याकडच्या तीस अंशांच्या उकाड्यात या सगळ्या क्रिया फार वेगाने होतात.

घरची गोड वाईन वर्षानुवर्षं मुरवण्याचा अट्टहास मला पटत नाही; पुढच्या नाताळापर्यंत ती संपवावी. जी आंबट झालीच, तिचा व्हिनेगर पुरता होऊ द्यावा. पोर्कच्या इंद्यालला तो चालतो.